इंजिनाचे तापमान, कूलंट आणि रेडिएटरची निगा : सातारा-सांगलीच्या वाहनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला घाटच घाट आहेत, सांगलीच्या पूर्वेला जत, आटपाडी, कवठे महांकाळ या तालुक्यांत उन्हाळा कडक आणि पाणी बोअरचे आहे. मोटारीच्या शीतकरण यंत्रणेची खरी परीक्षा अशाच मुलुखात होते. इंजिन तापून बंद पडलेल्या बहुतेक गाड्यांच्या बाबतीत आधीचे काही आठवडे कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी हळूहळू घटत असते. ती कोणी पाहिलेली नसते, एवढेच. त्यामुळे खालील उत्तरांत उपचारापेक्षा देखरेखीवर अधिक भर दिलेला आहे.

इंजिनाचे योग्य तापमान नेमके किती असावे?

आजच्या बहुतेक पेट्रोल आणि डिझेल मोटारींमध्ये इंजिन पूर्ण तापल्यावर कूलंटचे तापमान साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) गाडीच्या बनावटीनुसार ८२ ते ९२ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि रेडिएटरचा, म्हणजे कूलंट हवेने गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीचा, विजेवर चालणारा पंखा सामान्यतः ९५ ते १०० अंशांच्या सुमारास सुरू होतो. घाटात किंवा वाहतूक कोंडीत तापमान थोडा वेळ शंभरी ओलांडून गेले आणि पंखा फिरल्यावर पुन्हा खाली आले, तर ती यंत्रणा व्यवस्थित चालू असल्याची खूण समजावी. मात्र ११० अंशांच्या वर तापमान रेंगाळू लागले तर कारण शोधलेच पाहिजे, आणि ११५ ते १२० अंशांपर्यंत ते गेले तर गाडी पुढे चालवू नये.

हे आकडे मार्गदर्शक आहेत. प्रत्येक इंजिनाची मर्यादा थोडी वेगळी असते, म्हणून आपली गाडी नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या भाराने किती तापते हे एकदा पाहून ठेवावे. पुढे त्यात पाच-सात अंशांचा फरक कायम दिसू लागला, तर तोच सर्वात लवकर मिळणारा इशारा असतो.

इंजिन जितके थंड तितके चांगले नाही का? थर्मोस्टॅट काढून टाकल्यास काय बिघडते?

हा गैरसमज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. गाडी तापते अशी तक्रार घेऊन गेल्यावर अनेक गॅरेजमध्ये आजही पहिला सल्ला मिळतो तो थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये या उपायाने वेळ मारून नेता येत असे. आजच्या गाड्यांमध्ये तो नुकसानकारक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंजिनातील पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग यांच्यामधील अंतरे इंजिन गरम असताना योग्य बसावीत अशा हिशेबाने ठेवलेली असतात. इंजिनातील तेलही पुरेसे तापल्यावरच नीट वाहते, आणि ज्वलनातून क्रॅंककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागात) उतरलेली पाण्याची वाफ व इंधनाचा अंश तेल तापल्याशिवाय उडून जात नाही. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत पहाटे साताऱ्याहून निघाल्यावर, कितीतरी किलोमीटर कोमटच राहते. इंजिन अजून थंड आहे असे गाडीतील संगणकाला वाटत राहते, तो इंधन अधिक सोडत राहतो आणि मायलेज घटते. काही गाड्यांमध्ये ‘पी०१२८’ हा दोषांक नोंदवला जाऊन इंजिनाचा दिवा लागतो.

याहून महत्त्वाची बाब अशी की काही इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर बायपासचा (रेडिएटर टाळून जाणारा) मार्ग बंद करण्याचे कामही तोच करतो. तो काढून टाकला की कूलंटचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनातच फिरत राहतो, आणि चढावर गाडी आधीपेक्षा अधिक तापते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी सुटा भाग काढला, तीच तक्रार वाढते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर त्याच तापमानाचा नवीन बसवावा. तो तपासणेही सोपे आहे : काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवावे, शेजारी थर्मामीटर धरावा आणि त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास त्याची चकती उचलली जाते का ते पाहावे. पाणी उकळू लागले तरी चकती हलली नाही, तर दोष तिथेच आहे.

काटा मधोमध आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजावे का?

पूर्णपणे नाही. डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा बहुतेक गाड्यांमध्ये मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. प्रत्यक्ष तापमान २५-३० अंशांच्या पट्ट्यात कितीही वरखाली झाले तरी तो जागचा हलत नाही. तो हलू लागतो तेव्हा इंजिन आधीच बरेच तापलेले असते. अनेक छोट्या गाड्यांमध्ये तर काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो आणि धोक्याची पातळी आल्यावर लाल. निळा दिवा विझण्यापूर्वी इंजिनावर जोर देऊ नये आणि लाल दिवा लागल्यावर पुढचा पंप किंवा पुढचे गाव गाठण्याचा विचार करू नये.

आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. पाइप फुटून कूलंट वाहून गेले तर सेन्सर नुसत्या हवेत किंवा वाफेत राहतो, आणि इंजिन भाजून निघत असताना काटा मात्र सामान्य किंवा त्याहून खाली दिसू शकतो. चढावर चालू असलेल्या गाडीचा काटा अचानक खाली पडला, तर ते सुचिन्ह मानू नये. गाडी थांबवून बॉनेट उघडावे.

ज्यांना नेमके आकडे हवे आहेत त्यांनी स्टीअरिंगखालच्या ओबीडी (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याच्या) सॉकेटला लावायचा ब्लूटूथ रीडर घ्यावा. मोबाइलवर कूलंटचे तापमान अंशांत दिसते, आणि घाटाचा प्रवास नेहमीचा असणाऱ्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो.

पाणी शंभर अंशांना उकळते, तर इंजिनात १०५ अंशांना कूलंट उकळत कसे नाही?

दोन कारणांनी. पहिले म्हणजे दाब. रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण साधारण ०.९ ते १.१ बार दाब आत धरून ठेवते. एक बार जादा दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दुसरे कारण ग्लायकॉल. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते, आणि झाकणाच्या दाबाखाली १२५ अंशांच्या पुढे.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे उघड्या भांड्यातील पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. म्हणजे ज्या गाडीच्या झाकणाचा रबर कडक झाला आहे, स्प्रिंग सैल पडली आहे आणि जिच्यात नुसते पाणी भरले आहे, ती गाडी सांगलीच्या सपाट रस्त्यावर वर्षभर तक्रार न करता चालेल आणि पाचगणीच्या चढावर मात्र पाणी उकळवून बाहेर फेकेल. काही शे रुपयांत मिळणारे झाकण हा या सगळ्या यंत्रणेतील सर्वात दुर्लक्षित भाग आहे. त्याच्या रबराला भेगा दिसल्या, किंवा झाकणाच्या कडेने कूलंटचा वाळलेला पांढरट-रंगीत थर दिसला, तर ते बदलून टाकावे. नवीन झाकणावरील दाबाचा आकडा जुन्याइतकाच असावा. जादा दाबाचे झाकण लावून फायदा होत नाही. जुने पाइप आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या त्या दाबाने फुटतात.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? साधे पाणी का चालत नाही?

कूलंट गोठण्यापासून वाचवते हे खरे, पण आपल्यासाठी त्याचे ते काम गौण आहे. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत साधे पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही इंजिनात कूलंटच असावे, कारण एक तर ते अधिक तापमानापर्यंत उकळत नाही, आणि दुसरे म्हणजे त्यात गंजरोधक द्रव्ये असतात. आजच्या इंजिनाचे हेड (सिलिंडरवरचा भाग) ॲल्युमिनियमचे, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, ब्लॉक (सिलिंडरचा मुख्य सांगाडा) अनेकदा ओतीव लोखंडाचा, पंपाचे सील रबराचे आणि कार्बनचे. या सगळ्यांना एकाच द्रवात वर्षानुवर्षे टिकवणे साध्या पाण्याला जमत नाही.

त्यातही बोअरचे पाणी असेल तर हानी दुप्पट होते. तासगाव, मिरज, जत या भागांतील गृहिणींना पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइलवर साचणारा पांढरा कडक थर परिचयाचा आहे. हेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार इंजिनात सर्वात गरम जागी, म्हणजे सिलिंडर हेडच्या पाण्याच्या वाटांमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतात. हा थर उष्णतेला अडवतो. कूलंटचे तापमान काट्यावर ठीक दिसते, पण थराच्या पलीकडचा धातू त्याहून बराच अधिक तापलेला असतो. रेडिएटर उघडून पाहिल्यावर अर्ध्याअधिक नळ्यांची तोंडे पांढऱ्या-तपकिरी चुऱ्याने भरलेली आढळतात. पुढून हवा कितीही लागली तरी त्या नळ्यांतून कूलंट फिरतच नाही.

मग कूलंटमध्ये कोणते पाणी मिसळावे? आरओचे चालेल का? एसीतून ठिबकणारे?

सर्वात चांगले डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी, म्हणजे बॅटरीत घालण्यासाठी मिळते ते. आरओच्या पाण्यात क्षार बरेच कमी झालेले असले तरी पूर्ण गेलेले नसतात, आणि अनेक यंत्रांत चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवले जातात. त्यामुळे अडचणीच्या वेळी ते चालेल, कायमसाठी नको. एसीच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, पण धूळ, बुरशी आणि कॉइलच्या धातूचा अंश असतो, ते टाळावे. सर्वात निर्धोक पर्याय म्हणजे तयार मिसळलेले कूलंट विकत घेणे. डब्यावर ते थेट वापरायचे आहे की पाणी मिसळून, हे वाचल्याशिवाय ओतू नये. मिसळून वापरायचे दाट कूलंट तसेच भरले तर ते अधिक चांगले काम करील असे वाटते, प्रत्यक्षात ते उष्णता कमी वाहून नेते आणि गाडी अधिक तापते.

हिरवे, लाल, गुलाबी, निळे : रंगावरून कूलंट निवडावे का?

निवडू नये. रंग हा फक्त उत्पादकाने घातलेला रंग आहे. त्यासाठी सर्वमान्य प्रमाण नाही. महत्त्व आहे ते गंजरोधक द्रव्यांच्या प्रकाराला. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेटसारखी असेंद्रिय द्रव्ये असतात आणि ती साधारण दोन वर्षांत संपतात. सेंद्रिय आम्लांवर आधारित कूलंट पाच वर्षे किंवा त्याहून अधिक टिकते. तिसरा प्रकार या दोहोंचा संकर आहे. भिन्न प्रकार एकमेकांत मिसळले तर लगेच स्फोट वगैरे काही होत नाही, पण गंजरोधकांचे आयुष्य घटते, आणि काही मिश्रणांत जेलीसारखा गाळ तयार होऊन हीटरच्या नळ्या बंद होतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार सांगितला आहे तोच घ्यावा. आत आधी काय भरले आहे हे माहीत नसेल, जसे जुनी गाडी विकत घेतल्यावर असते, तर सर्व काढून, धुऊन, नव्याने भरणे हाच सरळ मार्ग आहे.

कूलंट किती दिवसांनी बदलावे? घरी बदलता येईल का?

मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. किलोमीटर आणि वर्षे यांपैकी जे आधी पुरे होईल ते मोजावे. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीतही कूलंट वयाने जुने होतच असते.

घरी बदलता येते, पण एक टप्पा बहुतेकांकडून चुकतो, तो हवा काढण्याचा. कूलंट भरताना हेडमध्ये किंवा हीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला, तर त्या जागी धातूला कूलंट लागतच नाही आणि नवीन कूलंट घालूनही गाडी तापते. म्हणून गाडी चढावर, पुढचे तोंड वर करून उभी करावी, हीटर सर्वाधिक तापमानावर ठेवावा, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून त्यातून बुडबुड्यांशिवाय अखंड धार येईपर्यंत सावकाश भरावे. नंतर इंजिन सुरू करून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू द्यावे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहून लागेल तेवढे घालावे आणि पुढील काही दिवस रोज सकाळी पातळी तपासावी.

पातळी वारंवार कमी होते, पण खाली थेंबही दिसत नाही. कूलंट जाते कुठे?

वर्षभरात पातळी किंचित घटणे स्वाभाविक आहे. पंधरा-वीस दिवसांत ‘मॅक्स’ची खूण सोडून ‘मिन’पाशी येणे स्वाभाविक नाही. वरचेवर पाणी ओतून दिवस काढणे ही आपल्याकडची सर्वात महागात पडणारी सवय आहे.

बारीक गळती गरम धातूवर पडून उडून जाते आणि मागे फक्त वाळलेला डाग राहतो, म्हणून थेंबाऐवजी डाग शोधावेत. सकाळी, इंजिन गार असताना, विजेरी घेऊन बॉनेटखाली पाहावे. होस पाइपांच्या क्लिपांजवळ, रेडिएटरचा ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकची टाकी जिथे जोडली जाते त्या शिवणीवर, आणि वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला कूलंटच्याच रंगाचा खडूसारखा कोरडा ओघळ दिसतो का ते पाहावे. वॉटर पंपाला खाली एक छोटे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील खराब झाले की कूलंट तेथून झिरपू लागते. त्या छिद्रातून ओघळ आलेला दिसला तर पंप बदलण्याची वेळ आली आहे. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे दोन्ही एकत्र बदलणे शहाणपणाचे, कारण मजुरी एकदाच पडते.

बाहेर काहीच दिसले नाही तर आत पाहावे. शेजारच्या सीटच्या पायाखालचे मॅटिंग ओलसर लागले, काचेवर तेलकट धुके बसू लागले आणि गाडीत गोडसर वास येऊ लागला, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. हेही नसेल तर हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉक यांच्यामधील पातळ सीलचा) संशय घ्यावा.

हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे कोणती?

इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा. इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत येणारे बुडबुडे. आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा वरचा होस पाइप सकाळी दाबून पाहिल्यावर टणक लागणे. यांपैकी एकच लक्षण पाहून निर्णय घेऊ नये. थंडीत फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली नुसत्या दमटपणानेही थोडा चिकटा जमतो, आणि थंड सकाळी पहिली काही मिनिटे पांढरी वाफ येणारच. कूलंटच्या टाकीत जळालेल्या वायूचा अंश आहे का, हे रंग बदलणाऱ्या रसायनाने तपासता येते. हेड उघडण्याचा खर्च करण्यापूर्वी ती चाचणी करून घेण्याचा आग्रह धरावा. हेड काढलेच तर ते वाकले आहे का हे मोजून घ्यावे आणि गरज असल्यास फेसिंग करूनच (पृष्ठभाग सपाट करूनच) नवीन गॅस्केट बसवावे. वाकलेल्या हेडखाली बसवलेले नवे गॅस्केट टिकत नाही.

पसरणी किंवा खंबाटकीचा घाट चढताना गाडी तापू नये म्हणून काय करावे?

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट सुमारे १२ किलोमीटरचा आहे. सुट्टीच्या दिवशी तो सरळ चढताच येत नाही. वळणावळणाला गाड्या थांबतात. पुण्याकडून साताऱ्याकडे येताना खंबाटकीतही जड ट्रकांच्या मागे असेच रखडावे लागते. इंजिनावर भार पूर्ण आणि समोरून येणारी हवा जवळजवळ शून्य, असा हा प्रसंग असतो.

अशा वेळी वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवत नेऊ नये. एक गिअर खाली घेतल्यास इंजिनाचे फेरे वाढतात, वॉटर पंप अधिक वेगाने फिरतो आणि तेवढीच ताकद कमी ताणात मिळते. तापमान वाढताना दिसले तर एसी बंद करावा. तरीही वाढत राहिले तर हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण चालू करावा. मे महिन्यात हे असह्य वाटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच असतो आणि त्याने पाच-सात अंश उतरवता येतात. माथ्यावर पोहोचल्यावर फोटोसाठी गाडी थांबवून इंजिन लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे नुसते चालू ठेवावे, म्हणजे हेडमध्ये आणि टर्बोमध्ये साठलेली उष्णता कूलंटबरोबर निघून जाते. इंजिन बंद केल्याबरोबर पंप थांबतो आणि आतील तापमान काही मिनिटे वाढतच राहते.

रस्त्यात गाडी तापून वाफ येऊ लागली तर?

सुरक्षित जागा पाहून बाजूला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत आणि इंजिन बंद करावे. फक्त काटा वर गेला आहे, वाफ किंवा गळती नाही आणि पंखा फिरतो आहे, एवढ्याच परिस्थितीत हीटर लावून एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून पाहता येते. काटा उतरला नाही तर बंद करावे.

रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण गरम असताना कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आत शंभर अंशांच्या वरचा द्रव केवळ दाबामुळे द्रवरूपात असतो. झाकण सैल होताच तो क्षणात वाफ होऊन तोंडावर आणि हातांवर उसळतो. या भाजण्याच्या जखमा फार खोल असतात. किमान अर्धा ते पाऊण तास थांबावे, वरचा होस पाइप हाताला सहन होईल इतका गार आणि मऊ लागला तरच जाड फडके ठेवून झाकण पहिल्या आट्यापर्यंत फिरवावे, दाब जाऊ द्यावा आणि मगच पूर्ण उघडावे. तापलेल्या इंजिनावर बाहेरून बादलीभर गार पाणी ओतू नये, आतही ओतू नये. हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

गार झाल्यावर जवळच्या हॉटेलातील पिण्याचे पाणी भरावे लागले तर जरूर भरावे. त्या वेळी इंजिन वाचवणे महत्त्वाचे असते, आणि क्षारांचा प्रश्न नंतर पूर्ण धुऊन सोडवता येतो. मात्र पाणी भरताच वाहून जात असेल तर गाडी ओढूनच न्यावी. टोइंगचा खर्च जड वाटतो, पण इंजिनाचे काम निघाले की त्याच्या कितीतरी पट रक्कम जाते.

रेडिएटर गळत असेल तर हळद टाकावी, असे ड्रायव्हर सांगतात. हे खरे आहे का?

हा उपाय महामार्गावरच्या ट्रकचालकांमध्ये जुना आहे, आणि बारीक छिद्रावर तो तात्पुरता लागूही पडतो, कारण हळदीची पूड पाण्यात फुगून छिद्रापाशी अडकते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचे गुण अनेक आहेत, परंतु रेडिएटर बुजवणे हे तिचे काम नव्हे. ती पूड छिद्र कोणते आणि नळी कोणती हे ओळखत नाही. जुन्या ट्रकच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरमधील नळ्या रुंद होत्या. आजच्या मोटारीच्या नळ्या चपट्या आणि फार अरुंद असतात, आणि हीटरच्या त्याहून अरुंद. बाजारात मिळणाऱ्या गळती थांबवण्याच्या भुकट्यांबाबतही हेच मत आहे. निर्जन ठिकाणी अडकलात आणि दुसरा मार्ग नसेल तर वापरा, गावात पोहोचताच रेडिएटर दुरुस्त करा किंवा बदला, आणि यंत्रणा धुऊन घ्या.

उसाच्या ट्रॉलीमागे सावकाश जाताना गाडी तापते, महामार्गावर मात्र ठीक असते. असे का?

कमी वेगात हवा ओढण्याचे काम पंख्याचे असते. वेगात ते वारा करतो. म्हणून फक्त सावकाश चालताना तापणाऱ्या गाडीत पंखा, त्याचा फ्यूज, रिले, मोटर आणि वायरिंग पाहावे. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा लगेच फिरू लागतो. तो फिरला नाही तर तपासणीची दिशा मिळाली. याउलट गाडी गावात ठीक आणि महामार्गावर वेगात तापत असेल, तर रेडिएटर आतून तुंबणे, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणे, पातळी कमी असणे किंवा खालचा होस पाइप आत चेपला जाणे ही कारणे संभवतात. मेकॅनिकला नुसते ‘गाडी तापते’ असे न सांगता कधी तापते हे सांगावे. त्याचा अर्धा वेळ आणि आपले बरेच पैसे वाचतात.

रेडिएटर बाहेरून धुवावा लागतो का?

लागतो, आणि आपल्या भागात अधिक. गळीत हंगामात उसाचे पाचट आणि धूळ, पावसाळ्यात चिखल आणि रात्री दिव्यांवर येणारे किडे हे सर्व एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधील फटीत जमते. पुढून पाहिल्यास कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागे रेडिएटरवर नमद्यासारखा थर बसलेला असतो. इंजिन गार असताना, हलक्या दाबाच्या पाण्याने, शक्य असल्यास इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेला धुवावे. वॉशिंग सेंटरच्या तीव्र दाबाने पातळ फिन (नळ्यांमधल्या पत्र्याच्या पट्ट्या) वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगली परिसरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, त्यांच्या फिनांमध्ये कृष्णेचा बारीक गाळ वाळून बसलेला असतो; अशी जुनी गाडी घेताना रेडिएटर काढून पाहावा.

जाळीपुढे लावलेले जादा दिवे, फलक आणि जाड बंपर गार्डही हवा अडवतात. दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार पूजा झाल्यावर, लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी काढून ठेवावा.

सीएनजी गाडीला वेगळी काळजी लागते का?

लागते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. टाकीत सुमारे २०० बार दाबाने असलेला गॅस रेग्युलेटरमध्ये एकदम कमी दाबावर येतो तेव्हा तो अतिशय थंड होतो. रेग्युलेटर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनाचे गरम कूलंट फिरवलेले असते, आणि म्हणूनच बहुतेक किट कूलंट ठरावीक तापमानाला आल्याशिवाय पेट्रोलवरून गॅसवर जात नाहीत. त्यामुळे गाडी सकाळी गॅसवर जायला पूर्वीपेक्षा बराच उशीर लावू लागली, किंवा चढावर गॅसवर अडखळू लागली आणि रेग्युलेटरवर बाहेरून दव अथवा बर्फ दिसला, तर गॅसवाल्याकडे जाण्यापूर्वी कूलंटची पातळी आणि थर्मोस्टॅट पाहावा. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत रेग्युलेटरकडे जाणारे जादा होस पाइप आणि त्यांच्या क्लिपा ही गळतीची नेहमीची जागा असते.

इलेक्ट्रिक गाडीला कूलंट लागते का?

बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींमध्ये बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर यांच्यासाठी कूलंट असते. मात्र त्यातील काहींना वीज फारच कमी वाहू देणारे विशेष कूलंट लागते. टाकीवरील सूचनेबाहेरचे काहीही त्यात घालू नये.

काढलेले जुने कूलंट कुठे टाकावे?

गटारात, विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर नक्कीच नाही. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असते, त्यामुळे कुत्री, मांजरे आणि जनावरे ते चाटतात. थोड्याशा मात्रेनेही त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. लहान मुलांनाही तोच धोका आहे. अंगणात सांडलेले कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुवावे किंवा माती टाकून उचलून घ्यावे. काढलेले कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहावे आणि ज्या गॅरेजमध्ये जुने ऑइल गोळा केले जाते तेथे विचारून द्यावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये. कोणी ते प्यायल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब सिव्हिल किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि कूलंटचा डबा बरोबर ठेवावा, कारण त्यावर उतारा उपलब्ध आहे आणि तो पहिल्या काही तासांत दिला तरच उपयोगी पडतो.